कार्डवर २ टक्के जादा घेऊ का? दुकानदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. स्टील, तांबं, पितळ किलोवर विकतो. मिक्सर, कुकर, शेगड्या छापील किमतीवर. लग्नसराईत एकेका घरची खरेदी पन्नास-साठ हजारांवर जाते आणि एवढे पैसे खिशात घेऊन आता कुणी येत नाही. कार्ड पुढे येतं. काउंटर आणि हिशेब दोन्ही मी बघते, त्यामुळे पेठेतले ओळखीचे दुकानदार कार्डच्या पैशांबद्दल मलाच विचारतात. प्रश्न तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आम्ही स्वतः जिथे चुकलो तेही लिहिलं आहे, कारण ती चूक आजही पेठेत रोज होताना दिसते.

कार्ड स्वाइप झाल्यावर दुकानदाराचे नक्की किती पैसे कापले जातात?

या कपातीला एमडीआर म्हणतात, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट. गिऱ्हाइकाने १०,००० रुपयांचं कार्ड वापरलं आणि तुमचा दर २ टक्के असेल, तर २०० रुपये कापून ९,८०० मोजले जातात. त्या २०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६ रुपये आणखी जातात. खात्यात ९,७६४ येतात.

कापलेल्या पैशांचे तीन वाटेकरी असतात. सगळ्यात मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा. दुसरा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्याचा. तिसरा तुम्हाला मशीन देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा. गिऱ्हाइकाला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरची फुकट बसायची सोय यांचा खर्च बऱ्याच अंशी पहिल्या वाट्यातून निघतो. म्हणूनच भारी कार्ड, कंपनीच्या नावाचं कार्ड किंवा परदेशी कार्ड स्वाइप झालं की तुमचा दर वाढतो. क्रेडिट कार्डचा दर साधारण दीड ते तीन टक्क्यांच्या आसपास असतो, कारण त्यावर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. तो तुमच्या आणि मशीन देणाऱ्याच्या करारात ठरतो.

एक छोटी सूट लक्षात ठेवा. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँक जी फी कापते तिला जीएसटी माफ आहे. स्टेटमेंटमध्ये तसं दिसत नसेल तर विचारा.

डेबिट कार्डवर जादा पैसे घेता येतात का?

नाही. यात पळवाट नाही.

सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं होतं की डेबिट कार्डने पैसे देणाऱ्याकडून बिलाच्या टक्केवारीने वेगळं शुल्क घेणं समर्थनीय नाही, ते बँक आणि दुकानदाराच्या करारात बसत नाही, आणि अशा दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत. पुढे ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने डेबिट कार्डच्या एमडीआरला मर्यादा घातली आणि हा खर्च दुकानदार गिऱ्हाइकावर ढकलणार नाही हे बघण्याची जबाबदारी बँकांवर टाकली. १ जानेवारी २०१८ पासूनच्या या मर्यादा अशा: ज्यांची आदल्या वर्षीची उलाढाल २० लाखांपर्यंत आहे त्यांना मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. त्याहून मोठ्या दुकानांना ०.९० टक्के आणि कमाल १,००० रुपये. क्यूआरवर घेतलेल्या कार्ड व्यवहाराला दोन्हीकडे ०.१० टक्का कमी. रुपे डेबिट कार्डला तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे.

आता आमची गोष्ट. मशीनशेजारी आम्ही पाटी लावली होती, ‘कार्डवर २% जादा’. मुलीच्या लग्नाची खरेदी करायला एक गृहस्थ आले. पातेली, घंगाळ, समया, ताटांचे सेट मिळून बिल झालं ६०,००० रुपये. त्यांनी कार्ड दिलं, आम्ही ६१,२०० स्वाइप केले. ते डेबिट कार्ड होतं आणि आम्ही बघितलंही नाही. त्यांनी बँकेकडे तक्रार केली. मशीन देणाऱ्या बँकेतून फोन आला, मग लेखी ताकीद आली. १,२०० रुपये परत केले, पाटी काढली. त्या दिवशी मी पहिल्यांदा हिशेब मांडून बघितला. त्या व्यवहाराचा आम्हाला पडलेला खर्च साधारण ५५० रुपये होता. बँकेच्या नावाखाली आम्ही दुपटीहून जास्त घेतले होते आणि ते आम्हालाच माहीत नव्हतं. ते गृहस्थ मात्र पुन्हा आले नाहीत. धाकट्या मुलीच्या लग्नालाही नाही.

मग क्रेडिट कार्डचं काय? तिथे तर मनाई नाही असं सगळे म्हणतात.

ही अर्धीच बाजू झाली. वर सांगितलेली रिझर्व्ह बँकेची स्पष्ट ताकीद डेबिट कार्डबद्दल आहे, हे बरोबर. पण मशीन घेताना तुम्ही ज्या करारावर सही केली तो क्रेडिट कार्डलाही लागू असतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांचा पाया असा आहे की कार्डने पैसे देणाऱ्यावर वेगळा भुर्दंड टाकायचा नाही. जिथे त्या देशाच्या कायद्याने किंवा नियमाने मुभा दिली तिथे अपवाद. हीच अट बँका आपल्या करारात घालतात.

सहीच्या कागदांत ‘सरचार्ज’, ‘ॲडिशनल चार्ज’ किंवा ‘पास ऑन’ हे शब्द शोधा. बहुतेक करारांत एखादं कलम सापडतं: मालाचा जो भाव रोखीला तोच कार्डला, आणि एमडीआर गिऱ्हाइकाकडून वसूल करणार नाही. हे कलम मोडलं तर बँक मशीन काढून घेऊ शकते किंवा पैसे रोखून धरू शकते. लग्नसराईच्या ऐन गर्दीत मशीन बंद पडलं तर किती बिलं हातची जातील याचा विचार करा आणि मग २ टक्क्यांचा.

करारात असं कलम खरंच नसेल किंवा तुमच्या बँकेने लेखी परवानगी दिली असेल, तरच पुढचा हिशेब तुमच्या कामाचा. तोंडी परवानगी धरू नका. मशीन बसवायला आलेला मुलगा ‘सगळे घेतात, तुम्हीही घ्या’ म्हणतो, पण ताकीद येते तेव्हा तो नोकरी बदलून गेलेला असतो.

आम्ही फक्त यूपीआय घेतो. क्यूआरवर जादा घेता येतील?

यूपीआयवर एमडीआर शून्य आहे, रुपे डेबिटबरोबरच १ जानेवारी २०२० पासून. तुमचं काही कापलंच जात नाही, तर वसूल काय करणार?

गोंधळ होतो तो रुपे क्रेडिट कार्डमुळे. सप्टेंबर २०२२ पासून हे कार्ड यूपीआय ॲपला जोडता येतं. गिऱ्हाईक नेहमीसारखा तुमचा क्यूआर स्कॅन करतं आणि पैसे मात्र क्रेडिट कार्डमधून येतात. छोट्या दुकानांना अशा व्यवहाराला २,००० रुपयांपर्यंत एमडीआर नाही; त्याच्या वर तो लागतो. आमच्या शेजारच्या साडीवाल्यांना महिनाभर कळेना की यूपीआयचे पैसे कमी का येतात. स्टेटमेंटमध्ये असे व्यवहार वेगळे दिसतात, ते आधी बघा. गिऱ्हाइकाला ‘तुम्ही कोणत्या खात्यातून देताय’ असं खोदून विचारत बसणं बरं दिसत नाही.

लेखी परवानगी आहे. २ टक्के खर्च असेल तर बिलावर २ टक्के लावले की झालं ना?

नाही, दोन ठिकाणी गफलत होते.

पहिली अशी की कपात वाढलेल्या रकमेवर होते. तुम्हाला हातात १०,००० हवेत आणि जीएसटीसह कपात २.३६ टक्के आहे. तुम्ही २३६ जोडून १०,२३६ स्वाइप केले, तर कपात होते २४१ रुपये ५७ पैसे आणि हाती येतात ९,९९४ रुपये ४३ पैसे. पूर्ण १०,००० हवेत तर १०,००० ला ०.९७६४ ने भागायचं, म्हणजे १०,२४१ रुपये ७० पैसे.

दुसरी गफलत जास्त गंभीर आहे. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर एमडीआरवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते. म्हणजे तुमचा खरा खर्च २.३६ नाही, २ टक्केच. क्रेडिटही घ्यायचं आणि गिऱ्हाइकाकडून करासकट टक्के घ्यायचे, हे दोनदा घेणं झालं. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला क्रेडिट मिळत नाही, त्याचा खर्च पूर्ण २.३६ टक्केच राहतो.

आणि सरसकट २ टक्के म्हणजे तरी कशाचे? तुमचा दर १.६ असेल तर वरचे ०.४ ‘बँक घेते’ म्हणून घेणं खोटं आहे. मी हे स्पष्ट लिहिते कारण आम्हीही तेच केलं होतं.

हे जादा पैसे बिलात दाखवायचे का?

घेतले तर दाखवलेच पाहिजेत, आणि त्यावर जीएसटीही भरला पाहिजे. सीजीएसटी म्हणजे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या १५ व्या कलमानुसार मालाच्या किमतीत कमिशन, पॅकिंग यांसारखे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून घेतलेले आनुषंगिक खर्च धरले जातात. कार्डचा आकार त्यातच मोडतो आणि मालाला जो दर तोच त्याला. भांड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, तर कार्डच्या १,२०० रुपयांवरही ५ टक्के, म्हणजे ६० रुपये.

पेठेत सर्रास चालतं ते असं: बिल ६०,००० चं, स्वाइप ६१,२०० चा. गिऱ्हाइकाच्या कार्ड स्टेटमेंटवर ६१,२०० छापून येतात, हातात ६०,००० चं बिल असतं. तक्रार करायची झाली तर त्याला दुसरा पुरावा लागतच नाही. आणि वर्षाच्या शेवटी बँकेतली कार्ड जमा विक्रीपेक्षा जास्त भरते, तेव्हा सीए विचारतात हा फरक कशाचा. ‘बँक चार्जेस वसूल’ असं वहीत लिहून तो मिटत नाही.

छापील किमतीच्या मालावर?

तिथे तर हातच लावू नका. पाकीटबंद माल एमआरपीच्या, म्हणजे छापील किमतीच्या वर विकणं हा वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) नियमांचा भंग आहे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. ३,९९५ रुपये छापलेला मिक्सर ३,९९५ लाच दिला आणि वर कार्डचे ८० रुपये घेतले, तर गिऱ्हाइकाने छापील किमतीपेक्षा जास्त दिले. ते ८० रुपये कशाचे होते हे निरीक्षकाला पटवून देण्यात तुमचा दिवस जाईल.

उलट केलं तर? कार्डला पूर्ण भाव आणि रोखीला सवलत?

हा मार्ग मला पटतो, आणि आम्ही आता हाच वापरतो. तरी ‘रोखीला जो भाव तोच कार्डला’ हे वर सांगितलेलं कलम तुमच्या करारात असेल, तर ही सवलत त्यात बसते का हे आधी बघा. थोडं सविस्तर सांगते.

कागदावर दोन्ही सारखंच वाटतं. भाव १,००० आणि कार्डवाल्याला १,०२०, किंवा भाव १,०२० आणि इतरांना १,०००. पण पहिल्यात गिऱ्हाइकाने फळीवर एक भाव वाचला आणि काउंटरवर त्याला वेगळा ऐकावा लागला. दुसऱ्यात पाटीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त कुणीच दिलं नाही. महावितरणचंच बघा. वीजबिल ऑनलाइन भरलं की ०.२५ टक्के सवलत मिळते, आणि ती बिलात दिसते म्हणून लोक आवडीने भरतात.

तीन गोष्टी सांभाळा. सवलत बिलातच लिहा. विक्रीच्या वेळी बिलात दाखवलेली सवलत मालाच्या किमतीतून वजा होते, म्हणजे जीएसटी कमी झालेल्या रकमेवरच लागतो. दुसरं, सवलत फक्त रोखीला ठेवू नका, यूपीआयलाही द्या. तुमचा खर्च तिथे शून्य आहे, मग नोटाच कशाला हव्यात? फक्त रोखीला सवलत म्हटलं की हा बिल न करता विकतो असा वास गिऱ्हाइकाला येतो, आणि त्यात त्याचं फार चुकत नाही. तिसरं सराफांसाठी: रोखीला सवलत देण्याच्या नादात एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. आयकर कायद्याने त्याला मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होतो.

आमच्या दुकानात आता पाटी आहे: ‘किलोच्या मालावर यूपीआय, डेबिट कार्ड किंवा रोख दिल्यास १ टक्का सवलत’. डेबिट कार्डचा थोडा खर्च आम्ही सोसतो. पाटी वाचून कुणी नाराज झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

भावात खर्च मिसळला तर रोखीच्या गिऱ्हाइकावर अन्याय नाही का?

प्रश्न रास्त आहे. आकडा मांडून बघा. समजा महिन्याची विक्री ८ लाख, त्यातली २ लाख क्रेडिट कार्डवर. २ टक्क्यांनी खर्च ४,००० रुपये. तो सगळ्या विक्रीवर पसरला तर अर्धा टक्का. हजार रुपयांच्या कढईमागे ५ रुपये.

आणि रोखीला खर्च नसतो असं कुणी सांगितलं? मोजायला माणूस लागतो. फाटकी नोट येते, खोटी नोट येते. सुट्ट्या पैशांसाठी चहावाल्याकडे पळावं लागतं, आणि बँकेत रोख भरण्याचा महिन्याचा कोटा ओलांडला की बँक त्याचेही पैसे लावते. दुकानाचं भाडं, वीज, सीसीटीव्ही, पावसाळ्यात तांब्याच्या भांड्यांना परत परत करावं लागणारं पॉलिश, हे सगळं आपण भावातच धरतो ना? पॉलिशचा खर्च तांब्या घेणाऱ्याच्या बिलात वेगळा लावत नाही.

सोनं आणि मोबाइल यांचं गणित वेगळं आहे हे मान्य. तिथे नफाच एक-दोन टक्क्यांचा असू शकतो आणि कार्डची कपात तो पुसून टाकते. लाखाच्या दागिन्यावर २,००० रुपये घडणावळीतून देणं सोपं नाही. अशा धंद्यात बँकेशी दर कमी करून घेणं आणि मोठी रक्कम बँक ट्रान्सफरने किंवा यूपीआयने घेणं हाच उपाय. ‘क्रेडिट कार्ड अमुक रकमेपर्यंतच’ असं सांगावंसं वाटतं, पण तेही आधी करारात बघा.

पेट्रोल पंप आणि रेल्वे घेतात, मग आम्हीच का नाही?

हे ऐकून ऐकून मी आकडे पाठ केले आहेत. पेट्रोलवरचा १ टक्का फ्युएल सरचार्ज बँक लावते, तो पंपवाल्याच्या खिशात जात नाही, आणि ठरावीक रकमेच्या आत भरलं तर अनेक बँका तो परत करतात. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क १ सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा सुरू झालं: वातानुकूलित नसलेल्या वर्गाला १५ रुपये, वातानुकूलितला ३० रुपये, यूपीआयने दिलं तर १० आणि २०, वर जीएसटी. ते ऑनलाइन तिकीट काढण्याच्या सोयीचं ठरलेल्या रकमेतलं शुल्क आहे, आधी जाहीर केलेलं. खिडकीवर उभं राहिलं तर ते लागत नाही. तुमच्या काउंटरवर गिऱ्हाईक स्वतः चालत आलेलं असतं, तिथे वेगळी सोय कुठली?

महावितरणसुद्धा क्रेडिट कार्ड सोडून बाकीच्या ऑनलाइन मार्गांना शुल्क लावत नाही, म्हणजे क्रेडिट कार्डचा खर्च वेगळा धरते. हे उदाहरण मला पेठेत नेहमी तोंडावर फेकलं जातं. वीज कंपनीचा करार वेगळा आणि तिचा दर आयोग ठरवतो, ती भावात खर्च मिसळू शकत नाही. आपण मिसळू शकतो.

ऑनलाइन विकतो. चेकआउटला ‘पेमेंट हँडलिंग फी’ लावू का?

पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचा करार वाचा, तिथेही तीच अट असू शकते. परवानगी असेल तर ती रक्कम सुरुवातीलाच दाखवा. पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे अनेक दुकानांचे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, त्यांत सुविधा शुल्क वगैरे आधी दाखवण्याची अट आहे. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. किंमत आधी कमी दाखवून शेवटच्या पानावर शुल्क चढवणं ही त्यांत नाव घेऊन सांगितलेली क्लृप्ती आहे.

‘५०० रुपयांच्या खाली कार्ड चालणार नाही’ अशी पाटी चालेल?

बऱ्याच करारांत किमान रकमेची अट घालायलाही मनाई असते. लहान रकमेला यूपीआय पुढे करा, गिऱ्हाईक बहुधा आनंदाने करतं.

ओळखीचा माणूस कार्ड देऊन रोख मागतो, ३ टक्के देतो म्हणतो. देऊ का?

कृपा करून देऊ नका. माल न विकता स्वाइप केलेला व्यवहार हा करारभंग तर आहेच, शिवाय तुमच्या विक्रीत खोटी विक्री उभी राहते आणि तिच्यावर जीएसटी कुठून भरणार हा प्रश्न उरतो. अशा स्वाइपचे आकडे गोल असतात, एकाच कार्डचे असतात, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला असतात. बँकेच्या संगणकाला ते लगेच दिसतात. आणि ज्याला ३ टक्के देऊन रोख काढावी लागते तो माणूस कर्जात रुतलेला असतो. त्याला खरंच मदत करायची तर हातउसने द्या.

माल परत आला तर जादा घेतलेले पैसेही परत करायचे?

हो, पूर्ण, आणि त्याच कार्डवर. रोख परत देऊ नका. परतीच्या व्यवहारात आधी कापलेला एमडीआर तुम्हाला परत मिळतो की नाही हे मशीन देणाऱ्यावर अवलंबून असतं. मिळत नसेल तरी तो तोटा दुकानाचा.

ईएमआयवर माल दिला तर प्रोसेसिंग फी आपण घ्यायची का?

ती फी कार्ड देणारी बँक गिऱ्हाइकाच्या खात्याला लावते. तुम्ही काउंटरवर वेगळी घेतलीत तर त्याला दोनदा भरावी लागेल. ‘नो कॉस्ट’ म्हणजे व्याज नाहीसं झालं असं नाही. ते उत्पादकाने किंवा तुम्ही सवलतीतून भरलेलं असतं. फी आणि तिच्यावरचा जीएसटी कार्ड बिलात येईल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नंतर तो तुमच्यावरच चिडतो.

दर कमी करून मिळतो का?

मिळतो, मागितला तर. आम्हाला मिळाला.

तीन महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन बसा. डेबिट, साधं क्रेडिट, भारी क्रेडिट, परदेशी कार्ड अशा चार रांगा करा आणि प्रत्येकीत किती विक्री आणि किती कपात ते लिहा. सगळ्यांना एकच सरासरी दर लावलेला असेल तर डेबिटवर मर्यादेपेक्षा जास्त कापलं जात नाही ना हे आधी बघा. वर दिलेले ०.४० आणि ०.९० टक्के ही कमाल मर्यादा आहे आणि २० लाखांच्या आतल्या अनेक दुकानदारांना मोठ्या दुकानाचा दर लागलेला मी स्वतः पाहिला आहे, कारण मशीन घेताना कुणी उलाढाल नीट लिहिलीच नाही. साठ हजारांच्या डेबिट व्यवहारावर लहान दुकानाला २०० रुपये पडतात आणि मोठ्याला ५४०. फरक लहान नाही.

मग दुसऱ्या दोन बँकांचे लेखी दर आणा. मशीनचं महिन्याचं भाडं, किमान विक्रीची अट, पैसे त्याच दिवशी हवे असतील तर लागणारी वेगळी फी, हे सगळं धरून तुलना करा. भाडं माफ करून दर वाढवलेला असतो, किंवा उलट.

जास्त कापलेलं बँक परत करत नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा मदत क्रमांक १४४४८.

गिऱ्हाईक आमच्याविरुद्ध कुठे तक्रार करू शकतं?

कार्ड देणाऱ्या बँकेकडे, तिथून ती तुमच्या बँकेकडे येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर. छापील किमतीच्या मालाचं असेल तर वैधमापनशास्त्र विभागाकडे. रक्कम लहान म्हणून कुणी जाणार नाही असं धरू नका. आमच्याकडचे गृहस्थ गेले होते.

भाऊ न्यू जर्सीत किराणा दुकान चालवतो. तो म्हणतो तिथे चालतं.

चालतं, पण मोकाट नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत क्रेडिट कार्डवर जादा आकार लावता येतो, व्हिसाने एप्रिल २०२३ पासून त्याला ३ टक्क्यांची मर्यादा ठेवली आहे आणि डेबिट कार्डवर तो मुळीच चालत नाही. न्यू जर्सीत २०२३ च्या कायद्याने प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही आणि गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं. कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मनाईच आहे. ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकांच्या कार्डवर असा आकार घेणं बंद आहे. तिथला नियम इथे लावायला भावाने सांगितलं तर त्याला तुमच्या कराराचं कलम वाचून दाखवा.

इतकी वर्षं घेत आलोय. आता काय करू?

आज पाटी काढा. मशीनवर असलेल्या मुलांना सांगा, कारण मालकाने बंद केलं तरी सवयीने काउंटरवरचा पोरगा २ टक्के जोडतोच; आमच्याकडे दोन आठवडे तसं झालं. मग करार काढून ते कलम वाचा आणि स्टेटमेंटच्या चार रांगा करा. बिलापेक्षा जास्त स्वाइप झालेले या वर्षातले व्यवहार सापडले तर त्यांचं काय करायचं ते सीएंशी बोला, ती रक्कम विक्रीत धरून कर भरायला लागेल. ज्यांचे फोन नंबर बिलावर आहेत त्या गिऱ्हाइकांना, निदान डेबिट कार्डवाल्यांना, फोन करून पैसे परत करता येतात. आम्ही सतरा जणांना फोन केले. दोघांनी नको म्हटलं, तिघांनी फोन उचलला नाही, बाकीच्यांना यूपीआयने पाठवले. एक बाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या, पैसे मिळाले म्हणून सांगितलं आणि जाताना इडलीपात्र घेऊन गेल्या.